शब्दचर्चा: ‘सॉलिड’ भरीव की घन? आणि ‘एक्स्ट्रूड’चं काय करायचं?

नांदेड:
नमस्कार मंडळी. मी ड्राफ्ट्समनच्या पोरांना ऑटोकॅड, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे काढायचं सॉफ्टवेअर, शिकवतो. बरीचशी मराठी माध्यमातली, आसपासच्या खेड्यांतून येणारी. टू-डी प्लॅन झटकन काढतात, थ्री-डीत गाडी अडते, आणि निम्म्या वेळा शब्दापाशीच अडते. हाती आलेल्या नोट्समध्ये ‘सॉलिड’ला ‘घन’ आणि ‘एक्स्ट्रूड’ला (सपाट आकाराला उंची देऊन थ्री-डी करायची कमांड) ‘निष्कासन’ दिलंय. वर्गात वाचून दाखवलं तर मागून एक जण म्हणला, “सर, भिंतीनं गुन्हा काय केला?” बरे शब्द सुचवा.

परभणी:
‘घन’ नको. पोरांच्या डोक्यात घन म्हणजे सहा चौरस बाजूंचा ठोकळा, नाहीतर पाचाचा घन सव्वाशे. गोल खांबाला घन म्हणलात की गोंधळ झालाच. ‘भरीव’ घ्या. भरीव पाटली आणि पोकळ पाटली हा फरक घरातल्या आजीलाही कळतो. ‘ठोस’ आपल्याकडं बोलण्यात आहे, पण पुढाऱ्यांच्या पावलांना लागून लागून तो पार झिजला.

लातूर:
भरीवच. फक्त कशाच्या तुलनेत भरीव, तेही दाखवा सर. वायरफ्रेम म्हणजे नुसता तारेचा सांगाडा. सर्फेस म्हणजे जाडी नसलेला पापुद्रा. सॉलिड म्हणजे गुळाची ढेप, कुठूनही कापा, आत गूळच. पटत नसेल तर मासप्रॉप कमांड (वस्तूचं घनफळ सांगते ती) द्यायला लावा. ३ मीटर लांब, ३ मीटर उंच, २३० मिमी जाड भिंत २.०७ घनमीटर भरते. १.२ बाय १.२ ची खिडकी काढली की १.७४ च्या आसपास उरते. पापुद्र्याला घनफळच नाही, मग वीटकामाचं माप निघणार कुठून? (‘घनफळ’मधला घन मात्र राहू द्या, त्याची जागा तीच.)
एक्स्ट्रूडला आमच्या ऑफिसात सरसकट “भिंत उचल” म्हणतात.

बीड:
दादा, आमच्याकडं ‘उचल’ म्हणलं की आधी मुकादम आठवतो. ऊसतोडीला जाण्याआधी घेतात ती उचल!
गंमत सोडा, अर्थानंही तो शब्द थोडा चुकतो. उचलली की वस्तू जागा सोडते. एक्स्ट्रूडमध्ये तोच आकार पुढं पुढं सरकत जातो आणि मागं अंग तयार होत जातं. हे समजवायला घरातला सोऱ्या वर्गात न्या. चकतीला चांदणीचं भोक असलं की चकली, बारीक गोल भोकं असली की शेव. चकतीतलं भोक म्हणजे तुमची पॉलीलाइन, आकाराची सलग जोडलेली रेघ. भोकाची कड पुरती जुळलेली पाहिजे, तशी पॉलीलाइनही बंद पाहिजे. एक टोक उघडं राहिलं तर भरीव भिंत निघत नाही, वर सांगितलेला पापुद्रा निघतो. पोरांची निम्मी रडारड इथंच असते. पाथ (सरकायची वाट) दिला तर आकार वळणंही घेतो, चकलीसारखाच.
कमांडला मात्र ‘एक्स्ट्रूड’च म्हणा. स्क्रीनवर तेच लिहिलेलं असतं.

छत्रपती संभाजीनगर:
सबट्रॅक्टबद्दल, म्हणजे एका भरीव वस्तूतून दुसरी काढून टाकायच्या कमांडबद्दल, कुणी बोललं नाही. ‘वजा करणे’ बरोबर आहे, पण मला ‘कोरणे’ आवडतं. गवंडी खिडकी ‘सोडतो’, म्हणजे वीटकाम चढवतानाच जागा मोकळी ठेवतो. कॅडमध्ये उलटं. भिंत आधी अख्खी उभी करायची, खिडकीएवढा ठोकळा तिच्यातून आरपार जाईल असा बसवायचा, मग सबट्रॅक्ट. आधी भिंत निवडायची, एंटर, मग ठोकळा, परत एंटर. क्रम चुकला तर भिंत जाते आणि ठोकळ्याची टोकं तेवढी उरतात.
कोरण्याचा सगळ्यात मोठा नमुना आपल्या दारातच आहे. वेरूळचं १६ नंबरचं लेणं, कैलास. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळचं, आठव्या शतकातलं. अख्खा खडक वरून खाली वजा करत आणला, तेव्हा देऊळ उरलं. एकही वीट चढवलेली नाही.

नांदेड:
वा! भरीव आणि कोरणे आजपासून चालू. सोऱ्या घरून मागून घेतो, मिळाला तर.
पॉलीसॉलिडला (थेट भरीव भिंत काढायची कमांड) शब्द शोधत नाही. पोरांनी स्वतःच “भिंत ओढणे” काढलंय आणि ते चपखल आहे, रेघ ओढावी तशीच ती ओढतात. फक्त उंची-जाडी आधी भरायला विसरतात. मेट्रिक फाइलीत ती आपसूक उंची ८० आणि जाडी ५ धरते. काल एकानं मिलिमीटरमध्ये अख्खा वाडा ओढला, चौसोपी, देवडीसकट. थ्री-डीत फिरवून बघतो तर सगळीकडं नुसते उंबरठे.