चाकं मागवण्याआधी स्केल बघा
एएमटी कंपनीच्या पीटरबिल्ट ३५९ ट्रकच्या प्लॅस्टिक मॉडेलला इटालेरी या दुसऱ्या कंपनीची चाकं चालतील का, असं एकाने विचारलंय. चालतील, पण एएमटीचं ते किट (घरी जोडायच्या सुट्या भागांचा संच) १/२५ स्केलचं, म्हणजे खऱ्या ट्रकच्या पंचविसाव्या हिश्श्याएवढं, आणि इटालेरीचे ट्रक १/२४चे. खरी २२.५ इंची रिम १/२५मध्ये २२.९ मिमी भरते, १/२४मध्ये २३.८. शेल्फवर हा फरक कुणाच्या बापाला दिसत नाही. अ‍ॅक्सलचं भोक मात्र जुळवून घ्यावं लागतं, आणि टायर त्याच सेटचे घ्या.

जुनं किट शोधताना आधी स्केलमेट्स या मॉडेल किटांच्या वेबसाइटवर ते कुठल्या साच्यातून निघालंय ते बघा. कधीकधी त्याच साच्यातला माल नव्या डब्यात स्वस्त मिळतो.

काही भाग रेझिनचे (साच्यात ओतून घट्ट केलेल्या राळेचे) असतील तर ते रंगवण्याआधी साबणाच्या पाण्यात धुवा, नाहीतर रंग सोलून निघतो. चिकटवायला फेविक्विक, प्लॅस्टिकचं सिमेंट रेझिनला धरत नाही. घासताना मास्क लावा, ती धूळ वाईट.