रतनगडाचे नेढे आणि हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा : खडकांची रचना

प्रश्न
कळसूबाई (१६४६ मीटर), रतनगड आणि हरिश्चंद्रगड हे सारे डोंगर एकाच लाव्हाच्या खडकाचे असूनही रतनगडाच्या माथ्याला आरपार नेढे (सुईच्या नेढ्यासारखे खडकातील भोक) पडावे आणि कोकणकडा मात्र आत वळलेला असावा, असे का? तसेच दोन्ही गड एकाच फेरीत पाहावयाचे झाल्यास वाटा कोणत्या घ्याव्यात?

प्रतिसाद १
खडक एकच असला तरी तो एकसंध नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांतून लाव्हा वारंवार वाहिला आणि त्याचे थर एकावर एक साचले. त्यांतील घट्ट काळा कातळ झिजेला दाद देत नाही, परंतु सच्छिद्र खडक व दोन थरांमधील तांबडी माती लवकर झिजते. खालचा मऊ भाग झिजला की वरचा कातळ उभ्या भेगांवरून सुटतो आणि कडा मागे सरकतो. नेढ्याच्या जागी हीच झीज अरुंद धारेच्या दोन्ही बाजूंनी झाली असावी.

प्रतिसाद २
वरील विवेचन पटण्याजोगे आहे. वाटांविषयी सांगायचे तर रतनवाडीहून रतनगड आणि पाचनईहून हरिश्चंद्रगड या वाटा सोप्या आहेत. कोकणकड्याजवळच्या अरुंद घळीतून हरिश्चंद्रगडावर चढणारी नळीची वाट मात्र अनुभवी सोबत्यांशिवाय घेऊ नये. पावसाळ्यात नेढ्याकडील कातळ निसरडा होतो, त्यामुळे मी तरी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ सुचवेन.

प्रतिसाद ३
कोकणकड्याच्या काठावर उभे न राहता पालथे पडून खाली पाहावे. आतला बाक तेव्हाच नीट दिसतो.