मदत हवी आहे: दिवसभर इनस्क्रिप्टमध्ये टायपिंग, उजवी करंगळी कामातून जायच्या आत कीबोर्ड सुचवा

रातांबा:

नमस्कार मंडळी,

मी चिपळूणला घरूनच टायपिंगचं काम करते. जुनी छापील मराठी पुस्तकं युनिकोडमध्ये टाइप करून प्रकाशकांना द्यायची. दिवसाचे सहा-सात तास हात कीबोर्डवर असतो. दिवाळीपासून उजव्या मनगटाची बाहेरची बाजू आणि करंगळी ठणकते आहे. दुधाची पिशवी उचलली तरी कळ जाते. डॉक्टरांनी पट्टा दिला आणि विश्रांती घ्या म्हणाले. घेतली असती हो, पण मग पानं कोण संपवणार?

नेटवर अर्गोनॉमिक कीबोर्ड शोधला की सगळे सल्ले इंग्रजी टाइप करणाऱ्यांसाठी निघतात. इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांची प्रमाण कीबोर्ड-मांडणी, वापरणाऱ्यांचं दुखणं वेगळं आहे. इंग्रजीत उजव्या टोकाला अर्धविराम, अवतरणचिन्ह, चौकटी कंस असली कधीमधी लागणारी गिऱ्हाइकं. आपल्याकडे त्याच बटणांवर च, ट, ड, शेजारी ज आणि य, वर अर्धचंद्राचा काना. छ, ठ, झ, ढसुद्धा तिथेच, शिफ्टसकट. 'डॉक्टर' हा एक शब्द टाइप करून बघा: ड, काना, ट, तिन्ही करंगळीने.

सध्याचा कीबोर्ड मधे फुगवटा असलेला, दोन्हीकडे वाकवलेला, मनगटाखाली कापडी गादीवाला. कंपनीचं नाव सांगत नाही. हात सरळ राहतो हे खरं, पण पहिल्याच पावसाळ्यात गादीला बुरशी धरली. पुसावी तर ओली राहते, ओली राहिली की पुन्हा हिरवी. गादी सुटी मिळत नाही. त्यात आता 'ड' अडकतो: एकदा दाबला की एक तर येत नाही, नाहीतर दोन येतात. दुरुस्ती होत नाही, नवा घ्या, असं उत्तर मिळालं.

'बोलून टाइप कर' हा सल्ला कृपया नको. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या पुस्तकांत 'घरांत', 'नाहीं', 'कां' असे उच्चार नसलेले अनुस्वार पानापानावर असतात, आणि मजकूर मूळबरहुकूम द्यावा लागतो. न बोललेला अनुस्वार मोबाईलला ऐकू कसा येणार?

बजेट दहा-बारा हजार. दोन तुकड्यांचे कीबोर्ड खरंच कामाचे असतात का? त्यात मराठीची बटणं गायब होत नाहीत ना? आणि कोकणच्या हवेत काय टिकतं?

स्विचवाला:

ताई, इनस्क्रिप्ट विंडोजमध्ये असतं, कीबोर्डमध्ये नाही. कीबोर्ड फक्त 'चौकटी कंस दाबला' एवढंच कळवतो, त्याचा ड विंडोज करतं. म्हणजे कंसाचं काम दुसऱ्या कुठल्याही बटणाला दिलंत की ड तिथून निघेल. दोन्ही अंगठे दिवसभर एकट्या स्पेसबारवर बसून खातात, त्यांना कामाला लावा.

खर्च करायच्या आधी घरीच करून बघा. मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉइज हे सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यातल्या कीबोर्ड मॅनेजरमध्ये डाव्या ऑल्टला चौकटी कंस नेमून द्या. ऑल्ट-शिफ्टने भाषा बदलत असाल तर ते बंद पडेल, पण विंडोज-स्पेसने बदलता येते. आठवडाभर चिडचिड होईल, मग बोटं शिकतात.

विकत घेताना ३६ किंवा ४२ बटणांच्या देखण्या स्प्लिट कीबोर्डांना भुलू नका. चौकटी कंसांना तिथे स्वतंत्र जागाच नसते, ड-ढ दुसऱ्या थरात, म्हणजे आणखी एक बटण दाबून धरून, शोधावे लागतात. कीक्रॉन कंपनीचा क्यू ११ खरा दोन तुकड्यांचा आणि बटणं शाबूत असलेला, पण बजेटमध्ये बसेल असं वाटत नाही. त्यांचाच व्ही ८ एका तुकड्यात, पण आतून कोन दिलेला. त्याला स्पेसबार दोन आहेत: एक स्पेसला, दुसरा ड ला. अदलाबदल कीबोर्डमध्येच साठवली जाते, म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडला तरी टिकते.

हॉट-स्वॅप आहे ना, हे मात्र बघाच. एखाद्या बटणाखालचा स्विच बिघडला तर चिमट्याने उपसून नवा बसवायचा, सोल्डरिंग नाही. एका 'ड'पायी अख्खा कीबोर्ड भंगारात जाणार नाही. स्विच हलका घ्या. चेरी कंपनीचा रेड स्विच ४५ ग्रॅमच्या आसपास दाबला जातो आणि ४ मिमीपैकी २ मिमीवरच अक्षर देतो. तळाला आपटायची गरज नाही.

मराठी४०:

ते तळाला आपटणंच सुटत नाही हो! आमची पिढी टाइपरायटरवर शिकली. कार्बनच्या तिसऱ्या प्रतीवर अक्षर उमटायला पाहिजे म्हणून ठोकायचो. कॉम्प्युटरला प्रती काढायच्या नसतात हे बोटांना अजून कोणी सांगितलेलं नाही. रातांबाताई, तुम्हीही मशीनवर शिकलात का?

हाडवैद्य नाही:

मी फिजिओथेरपिस्ट आहे. समोर न बघता निदान करत नाही, पण काही गोष्टी विचारते. मुंग्या येतात का, आणि कुठल्या बोटांत? अंगठा, तर्जनी, मधलं बोट असेल तर मनगटातल्या नसेकडे बघावं लागतं. करंगळी आणि अनामिका असेल तर ती नस कोपराच्या आतल्या बाजूने जाते, तेव्हा टेबलाच्या कडेवर कोपर रेलून बसता का ते सांगा. तसं असेल तर कितीही महाग कीबोर्ड आणलात तरी उपयोग नाही. मुंग्या रात्री वाढत असतील किंवा पकड सैल होत असेल तर पुन्हा डॉक्टरांकडे जा, थांबू नका.

कीबोर्डच्या मागचे दोन पाय उभे करत असाल तर आजच मिटवा, त्याने मनगट वर मोडतं. गादी टाइप करताना टेकायला नसते, दोन वाक्यांच्या मधे विसावायला असते. आणि टेबल जमिनीपासून किती उंच आहे ते मोजून इथे लिहा, सोबत तुमची उंचीही. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या बायकांचं दुखणं टेबलात असतं.

रातांबा:

सगळ्यांचे आभार. टेबल मोजलं: ७६ सेंमी, जेवणाचंच आहे. माझी उंची पाच फूट एक इंच. खुर्ची वर केली की पाय लोंबकळतात, म्हणून आजवर खांदे वर करून बसायचे. आता खुर्ची वर केली आहे आणि पायाखाली पाट घेतला आहे. मुंग्या येत नाहीत, नुसती कळ येते. कोपर मात्र कडेवर असतं, उजवंच.

मराठी४०, हो, तीस आणि चाळीस शब्दांच्या दोन्ही परीक्षा मशीनवरच. ठोकते मीही.

डाव्या ऑल्टवर ड जमायला लागला आहे. 'गडबड', 'धडपड' झकास निघतात. 'आड' लिहिताना अंगठा अजून स्पेसवरच पडतो.

स्विचवाला, आता ट हलवू की च? माझ्या मजकुरात च जास्त आहे ('त्याच्या', 'तिच्या', 'घरची'), पण ट ला करंगळी लांब ताणावी लागते. आणि व्ही ८ सोबत गादी घ्यायची तर लाकडी की रेक्झिनची? कापडाच्या वाटेला पुन्हा जाणार नाही. कोल्हापूर किंवा साताऱ्याकडे कोणाकडे तो असेल तर तासभर हात लावू द्याल का? पुढच्या महिन्यात त्या बाजूला येणं आहे, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.