१९९३ ची इमारत घ्यावी की नवीन फ्लॅट? प्लास्टरच्या आतलं कसं तपासायचं?

अंबडचा_व्हर्नियर:

नमस्कार मंडळी. नाशिकला राहतो, इंदिरानगरात भाड्याने, नोकरी अंबडला, एका कारखान्यात इन्स्पेक्शनला. घरात आम्ही दोघं, सातवीतली मुलगी आणि गुडघ्यांनी बेजार झालेली आई. सहा महिने घरं बघून दोनवर येऊन थांबलोय आणि आता डोकं चालत नाही.

पहिलं घर गोविंदनगरला. १९९३ ची इमारत, तळाला पार्किंग आणि वर तीन मजले, लिफ्ट नाही, पण फ्लॅट पहिल्या मजल्यावर आहे. मालक ४४ लाख म्हणतोय. मी स्वतः टेप लावली, भिंतीपासून भिंतीपर्यंत ७१५ चौरस फूट भरलं. बाहेरच्या भिंती नऊ इंची विटेच्या, स्वयंपाकघराला खिडकी, पॅसेजवर माळा. आईने भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाली, "हे घर घरासारखं आहे." संपलं, तिचं मत पडलं.

दुसरं पाथर्डी फाट्याच्या पुढे. बारा मजल्यांचं काम चालू आहे, सातव्यावरचा टू बीएचके, ४९ लाख. रेरा कार्पेट, म्हणजे रेरा कायद्याप्रमाणे मोजलेलं आतलं क्षेत्र, ५८५ चौरस फूट. सॅम्पल फ्लॅटमध्ये टेप काढल्यावर सेल्सवाला पोरगा अस्वस्थ झाला. तिथल्या बेडची लांबी पावणेसहा फूट निघाली! मी पाच फूट दहा आहे, पाय कुठे ठेवायचे हे ब्रोशरमध्ये नाही.

आता अडचण. जुन्या इमारतीच्या पार्किंगमध्ये चार कोपऱ्यांचे कॉलम बघितले. तीन ठीक वाटले. चौथ्याला मालकाने स्वतःची गाडी अगदी चिकटवून लावलेली. वाकून बघितलं तर कंबरेच्या उंचीपासून खालपर्यंत उभी रेघ, त्यात ताजी पुट्टी, रंग बाकीच्या कॉलमशी जुळत नाही. किल्लीने टकटक केली तर तिथला आवाज पोकळ. विचारलं तर म्हणे, "नुसतं प्लास्टर सुटलंय हो." आमच्याकडे असा पार्ट आला तर मी सरळ होल्डवर टाकतो. पण घराला व्हर्नियर, म्हणजे आमची मापाची पट्टी, लागत नाही.

त्यात बँकेने वेगळंच काढलं. इमारतीचं वय ऐकून मुदत १२ वर्षांवर आणली. ३५ लाखांना साडेआठ टक्क्यांनी हप्ता साधारण ३८,८५० बसतो. नव्याला ३९ लाख २० वर्षांसाठी द्यायला तयार आहेत, हप्ता ३३,८५०. म्हणजे स्वस्त घराचाच हप्ता पाच हजारांनी जड.

नव्या ठिकाणी तो पोरगा म्हणतो, "काका, अॅग्रीमेंट ४४ लाख ९० हजारांचं करू, बाकीचं पार्किंग आणि क्लबहाउसचं वेगळं घेऊ, म्हणजे जीएसटी पाचऐवजी एकच टक्का." दोन लाख वाचतात, मान्य. पण मला हे सरळ वाटत नाही.

टोकन देण्याआधी कोणाला दाखवू, नेमकं काय तपासायला सांगू? "जुनं ते सोनं" आणि "नवीन म्हणजे नवीनच" हे दोन्ही सासुरवाडीकडून ऐकून झालंय.

खडी_आणि_वाळू:

दादा, बावीस वर्षं साईटवर काढली, म्हणून लिहितो. उभी रेघ सळईच्या ओळीत असेल तर ते प्लास्टर नव्हे. आत सळई गंजली की फुगते आणि वरचं काँक्रीट ढकलते. नव्वदच्या दशकात पीळ दिलेली टोर सळई सर्रास वापरायचे, ती गंजायला लवकर लागते. शिवाय तेव्हाच्या कोडमध्ये आरसीसीला एम १५ ताकदीचं काँक्रीट चालायचं, २००० साली काँक्रीटचा तो कोड, आयएस ४५६, सुधारला तेव्हा किमान एम २० झालं. नऊ इंची भिंत बघून भुलू नका, फ्रेम स्ट्रक्चरमध्ये वजन कॉलम घेतो, वीट नाही.

स्ट्रक्चरल इंजिनिअर न्या आणि वरून ठोकून ताकद मोजणाऱ्या नुसत्या रिबाउंड हॅमरवर भागवू देऊ नका. कार्बोनेशन झालेल्या, म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरलेल्या जुन्या काँक्रीटचा पृष्ठभाग कडक होतो, हॅमर उलट चांगलाच आकडा दाखवतो. त्या कॉलमचा थोडा भाग फोडून नुकत्याच उघड्या झालेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन हे रंग बदलणारं रसायन मारायला सांगा. गुलाबी झालं तर ठीक. सळईपर्यंत रंगच आला नाही तर काँक्रीटने सळईला सांभाळणं सोडलंय. टॉयलेटखालचा स्लॅब आणि गच्चीवरच्या टाकीखालचे बीमही बघा, रोग तिथूनच सुरू होतो.

एक कॉलम खराब म्हणजे इमारत गेली असं नाही, दुरुस्ती होते. पण ती सगळ्या सोसायटीने मिळून करायची असते, तुमच्या एकट्याच्या पैशाने नाही.

सेक्रेटरी_नाइलाजाने:

हेच सांगणार होतो. सोसायटीच्या उपविधीप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी आणि त्यापुढे दर तीन वर्षांनी करायचं असतं. शेवटचा अहवाल मागा. "करायचंय" असं उत्तर आलं तर समजून जा. कन्व्हेअन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर, झालंय का तेही विचारा. जमीन अजून बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्या नावावर असेल तर पुढे रिडेव्हलपमेंटला तेच नडतं. झालं नसेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे बिल्डरच्या सहीशिवाय होणाऱ्या डीम्ड कन्व्हेअन्सचा मार्ग आहे, फक्त कोणीतरी चपला झिजवायला हव्यात. आमच्याकडे मी झिजवतोय. आणि नासर्डी नदी जवळ असेल तर महापालिकेत पूररेषेचा नकाशा बघूनच या.

फाट्याची_वैशाली:

दादा, नव्या बाजूचं मी सांगते, चार वर्षांपूर्वी इकडेच राहायला आलोय. एएसी ब्लॉकची, म्हणजे हलक्या सच्छिद्र ठोकळ्यांची भिंत आहे. वॉटर प्युरिफायरचा स्क्रू पहिल्याच आठवड्यात भुगा होऊन बाहेर आला, मग खास फास्टनर आणावे लागले. बीम आणि भिंतीच्या सांध्यावर दोन बेडरूममध्ये केसासारखी चीर गेलीय, सांध्यावर जाळी न मारताच प्लास्टर केलं होतं. बिल्डरला लेखी कळवलं. रेरात ताब्यापासून पाच वर्षं दुरुस्ती त्याच्याकडेच असते, कळवल्यापासून ३० दिवसांत आणि फुकट. तोंडी सांगाल तर वर्ष निघून जातं.

रेरा कार्पेटमध्ये आतल्या भिंतींची जाडीही धरतात, म्हणून ५८५ ची तुलना तुमच्या ७१५ शी थेट करू नका, फरक दिसतो त्याहून जास्त आहे. एक टक्का जीएसटीसाठी जी ४५ लाखांची मर्यादा आहे, तिच्यात पार्किंग आणि क्लबहाउसचे पैसेही मोजतात, त्या पोराच्या नादी लागू नका. अॅग्रीमेंट नोंदवण्याआधी दहा टक्क्यांहून जास्तही देऊ नका.

अंबडचा_व्हर्नियर:

सगळ्यांचे आभार. वैशालीताई, त्या पोराला पार्किंगचं सांगितलं तर म्हणाला, "काका, आजवर कोणी विचारलं नाही."

जुन्या मालकाशी काल बोललो. फोडायचं म्हटल्यावर आधी चिडला, मग म्हणाला, जे काही फोडाल ते भरून द्या. सेक्रेटरी आजोबांकडे ऑडिटचा अहवाल नाहीच, पण "निमित्ताने आम्हालाही कळेल" म्हणाले आणि लेखी परवानगी दिली. इंजिनिअर शनिवारी सकाळी नऊला येतोय. मालकाला शुक्रवारी रात्रीच गाडी हलवून ठेवायला सांगितलंय. काय रंग येतो ते इथे कळवतो.