मागचं लॉन आणि पासष्टची भाजी

वैशाली (बी-१): मागचं लॉन कोणी खणलं? कोणाला विचारून? माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली मातीचा ढीग पडलाय. टाकीच्या वेळी झालं ते पुन्हा नको.

सेक्रेटरी (ए-४): वैशालीताई, ठराव झालाय. सोसायटीच्या साठाव्या वर्षानिमित्त २६ जानेवारीला १९६५ च्या युद्धकाळातली परसबाग उभी करायची. आपण त्या मीटिंगला नव्हतात.

वैशाली (बी-१): नव्हते, कारण नोटीस आदल्या रात्री नऊला आली.

शिर्के काका (सी-१): खणताय तिथे पाण्याचा व्हॉल्व्ह आहे. भिंतीपासून दोन फूट. कुदळ लावू नका.

निनाद (ए-२): शास्त्रीजींनी पंतप्रधान असताना १०, जनपथचं लॉन नांगरलं होतं. आपलं लॉन त्यापुढे काय! 🙏

वैशाली (बी-१): तिथे लॉनला लागून कोणाची मोरी नव्हती. मला भिंतीला ओल नकोय, एवढंच.

नाना (ए-१): खणलं ते ठीक, पण कसं खणलं ते सकाळी जाऊन पाहिलं. फावड्याने हरळीचे तुकडे करून तिथेच गाडलेत. एकेका पेरातून नवी हरळी उठणार आणि महिन्याभरात मेथी शोधावी लागणार. टिकावाने माती उचकटून हरळीची मुळी हाताने, सबंध ओढायची. वीतभर खाली गेलेली असते. निघालेली खतात टाकायची नाही, फरशीवर उन्हात कडकडीत वाळवायची. माती आठ दिवस तापली की पुन्हा वेचायची. आईच्या पासष्टच्या वहीत एवढंच लिहिलंय: "हरळी दोनदा वेचली. कोपऱ्यात राहिलीच."

कदम वहिनी (सी-३): नाना, त्या वहीचे फोटो टाका ना. आणि मांडवावर दुधी हवाच हं.

मेधाताई (बी-३): २६ जानेवारीपासून मागे मोजू या. बटाट्याला ८० ते ९० दिवस, म्हणजे याच आठवड्यात लागवड. घेवडा ६० दिवस, नोव्हेंबर अखेर. मुळा ४५, तो १० डिसेंबरला. पालक त्याच सुमारास. मेथी थंडीत ३५ धरा, २० डिसेंबर. सगळी एकदम पेरू नका, वाफ्याचे चार भाग करून आठ-आठ दिवसांनी पेरा. पूर्वीही घराला रोज एक जुडी लागायची, एका दिवशी वीस नव्हे.
वाफा साडेतीन फूट रुंद, दोन्हीकडून हात मध्यापर्यंत पोचतो, आत पाय द्यावा लागत नाही. लांबी दहा फूट. एका वाफ्याला दोन घमेली शेणखत, पुरतं कुजलेलं. कच्चं घातलं तर हुमणी आणि वाळवी आलीच.

शिर्के काका (सी-१): व्हॉल्व्ह. भिंतीपासून दोन फूट.

निनाद (ए-२): शास्त्रीजींनी सोमवारी रात्रीचं जेवण सोडायला सांगितलं होतं. ज्यांचा सोमवारचा उपास आधीच होता त्यांनी काय सोडलं असेल? 😄

कदम वहिनी (सी-३): साबुदाणा! 😂

नाना (ए-१): चेष्टा नको. हॉटेलंसुद्धा सोमवारी संध्याकाळी बंद राहायची.

सेक्रेटरी (ए-४): पाटीवर "जय जवान जय किसान" मोठ्या अक्षरात येईल. फायनल.

नाना (ए-१): नुसती घोषणा काय कामाची? त्याच वर्षी वसंतराव नाईक शनिवारवाड्यावर म्हणाले होते, महाराष्ट्र दोन वर्षांत अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फाशी द्या. तेही लिहा. आणि बेचाळीस विसरू नका. जपानने ब्रह्मदेश घेतला, तिकडचा तांदूळ थांबला, "अधिक धान्य पिकवा" मोहीम आली, १९४३ ला मुंबईत रेशन सुरू झालं. ज्या घरांनी पासष्टला अंगण खणलं, त्यांतल्या कित्येकांच्या थोरल्यांचा हात बेचाळीसलाच बसला होता.

सेक्रेटरी (ए-४): पाटी तीन बाय दोनची आहे, नाना.

रिया (बी-२, सध्या लीड्स): इथे महायुद्धात लंडन टॉवरच्या खंदकातसुद्धा भाजी लावली होती. युद्ध चालू असताना बटाट्यावर रेशन आलंच नाही, पण कांदा दिसेना, कारण तो फ्रान्स आणि चॅनल बेटांवरून यायचा आणि १९४० ला दोन्ही जर्मनांकडे गेली.

कदम वहिनी (सी-३): अगं बाई, कांद्याशिवाय! मग आपल्याकडे कांदा का नाही लावत? आणि दुधी?

मेधाताई (बी-३): कांदा चार महिन्यांचा, पात मिळेल फक्त. दुधी या दिवसांत नको. थंडीत वेल खुरटतो, मादी फुलं कमी धरतात. शिवाय दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं. मादी फुलामागे बोटाएवढा दुधी असतो, नर फुलाला नुसता दांडा. माश्या नसतील तर नर फूल तोडून मादीवर टेकवायचं, तेही दिवेलागणीला. नाहीतर तो बोटाएवढा दुधी पिवळा पडून गळतो आणि लोक खताला दोष देतात.

वैशाली (बी-१): पाणी कुठलं देणार? टाकीतलं देणार असाल तर माझा लेखी विरोध घ्या.

नाना (ए-१): डाळ-तांदूळ आणि भाजी धुतलेलं द्या. तेव्हा मोरीचं पाणी अळूला आणि केळीला सोडायचे, पालेभाजीला नाही. आताच्या कपड्याच्या पावडरीचं पाणी तर नकोच, माती दगड होते. आणि वैशाली म्हणते ते बरोबर आहे. वाफा भिंतीपासून तीन फूट लांब आणि उतार बाहेरच्या बाजूला हवा.

वैशाली (बी-१): धन्यवाद नाना. हे ठरावात का नव्हतं?

शिर्के काका (सी-१): तीन फुटांवर गेलात तर व्हॉल्व्हही वाचेल. दोन फुटांवर आहे.

सेक्रेटरी (ए-४): नोंद घेतली. ढीग संध्याकाळपर्यंत हलवतो.

निनाद (ए-२): बटाटे मी आणतो. बाजारातले चालतील?

मेधाताई (बी-३): डोळे फुटलेलेच आण, शीतगृहातून नुकते निघालेले कधीकधी उगवतच नाहीत. प्रत्येक फोडीला दोन डोळे ठेव. कापून दोन दिवस सावलीत सुकव, ओली फोड लावली की कुजते. झाड वीतभर झालं की मातीची भर, पंधरा दिवसांनी पुन्हा. उघडा राहिलेला बटाटा हिरवा होतो, तो खायचा नाही.

कदम वहिनी (सी-३): बरं, दुधी राहू दे. सासूबाईंचं वालाचं बी आहे गावाला, राखेत ठेवलेलं. पासष्टच्या आधीपासून दरवर्षी धरतात. आणू?

मेधाताई (बी-३): आणाच. आधी दहा बिया ओल्या फडक्यात बांधून ठेवा. पाच दिवसांत सात फुटल्या तर नेहमीसारखं पेरू, कमी फुटल्या तर एका जागी तीन-तीन टाकू.