जाकोमेत्तीचे चेहरे आणि खोडरबर

सावली: कालच्या लेखात स्विस शिल्पकार-चित्रकार जाकोमेत्तीची पेन्सिलीतली व्यक्तिचित्रे 'न जमलेल्या चेहऱ्यांवरच्या रेघोट्या' ठरवली गेली, म्हणून सविस्तर लिहीत आहे. १९३५च्या सुमारास स्वप्ने आणि कल्पनेतून कला घडवणाऱ्या अतिवास्तववाद्यांपासून फारकत घेऊन तो समोर बसलेल्या माणसाकडे परतला आणि १९६६मध्ये मरेपर्यंत त्याने तो नाद सोडला नाही. डोळ्यांच्या खोबणीत आणि नाकाच्या मुळाशी रेषांची दाटी, डोक्याची कड मात्र अनेकदा चाचपलेली, आणि त्यावरून खोडरबराने ओढलेले पांढरे पट्टे. हे पट्टे म्हणजे पुसापुशी नव्हे. त्यांच्यामुळे चेहऱ्याभोवती हवा येते.

अभिजात: लेख माझाच होता आणि मत तेच आहे. १९५४मध्ये पदकासाठी जाकोमेत्तीने ज्या आजारी फ्रेंच चित्रकार मातिसला रेखाटले, तो मातिस १९४१-४२मध्ये मोजक्या सलग रेषांत चेहरा उभा करत होता. ज्याला रेषा सापडते त्याला ती दहादा शोधावी लागत नाही.

पिवळा कागद: याच विचाराने आमची चित्रकला मारली! इंटरमिजिएटच्या तयारीत खोडल्याची खूण दिसली म्हणून शिक्षकांनी माझा कागद वर्गासमोर फाडला. त्यानंतर कित्येक वर्षे मी चेहरा काढायला धजावलो नाही.

कलाशिक्षिका: कागद फाडणे चूकच. पण मुले निरीक्षण न करता रेघ मारतात, खोडतात, पुन्हा तीच चुकीची रेघ मारतात आणि शेवटी कागदाचा लगदा होतो, हे मी रोज पाहते. खोडरबर बाजूला ठेवायला लावणे हा जुलूम नाही.

पिवळा कागद: बघायला शिकवण्याऐवजी तुम्ही घाबरायला शिकवता.

कलाशिक्षिका: तुमच्या शिक्षकांवरचा राग माझ्यावर काढू नका. जाकोमेत्तीने लहानपणापासून जुन्या उस्तादांच्या चित्रांच्या नकला केल्या होत्या, वडील स्वतः चित्रकार होते. त्याचे खोडणे त्या तालमीनंतरचे आहे.

सावली: तालीम मान्य, पण ती झाल्यावरही त्याला चेहरा हाती लागल्याची खात्री वाटत नव्हती. यानाइहारा हा जपानी प्राध्यापक १९५६पासून अनेक वर्षे त्याच्यासमोर बसत राहिला, तरी काम पुरे झाल्याचे समाधान जाकोमेत्तीला मिळाले नाही.

अभिजात: तुमच्या आग्रहाखातर जाकोमेत्तीने काढलेली मातिसची ती रेखाटने पुन्हा पाहिली. नजर पकडली आहे, एवढे देतो. मात्र असमाधान हा गुण कसा ठरतो, ते कोणीही सांगितलेले नाही.