मदत हवी आहे: टाकणखाराची शुद्धता १०४ टक्के कशी येते?

हायड्रोक्लोरिक आम्ल ०.१ नॉर्मल (तीव्रतेचं एकक) आहे का, ते टाकणखार (बोरॅक्स) वापरून तपासतोय. ०.४७६८ ग्रॅम वजन केला. इक्विव्हॅलंट वेट (एका आम्लाच्या रेणूमागे येणारं वजन, इथे रेणुभाराच्या निम्मं) १९०.७ धरलं तर आम्ल २५.० मिली लागायला हवं. तीन टायट्रेशन (थेंबाथेंबानं आम्ल घालून मोजणी) केली, तिन्ही वेळा २६.१ च्या आसपास. इंडिकेटर (शेवट दाखवणारा रंग) मिथिल रेड, रंग एका थेंबात पालटतो, म्हणजे तिथे घोळ नसावा. याच हिशेबानं आम्ल ०.०९५८ नॉर्मल येतं आणि सोडियम कार्बोनेटनं ०.०९९८.

डोकं चालत नाहीये ते इथे: टाकणखारात भेसळ असती तर आम्ल कमी लागलं असतं ना? हा तर जास्तच पितोय! स्फटिक मीच पाण्यातून काढले, ओव्हनमध्ये ६० अंशांवर नीट सुकवले, मग सिलिका जेल (ओलावा शोषणारे दाणे) घातलेल्या डेसिकेटरमध्ये, म्हणजे बंद काचेच्या भांड्यात ठेवले.

आणखी एक. रेणूत बोरॉन चार, तरी आम्लाचे रेणू दोनच का?

प्रतिसाद १:
नीट सुकवले हीच चूक. टाकणखारात पाण्याचे १० रेणू धरून रेणुभार ३८१.४ होतो. कोरड्या हवेत त्यातलं पाणी उडतं, मग तेवढ्याच वजनात टाकणखार जास्त बसतो आणि आम्लही जास्त लागतं. तुमच्या आकड्यांवरून रेणूमागे सरासरी एक पाणीही पुरतं गेलेलं नाही, तरी ४ टक्क्यांचा फरक! पुन्हा स्फटिक काढा, पण ५५ अंशांच्या खालीच. ६० च्या वर पाच पाण्यांचा प्रकार मिळतो. गाळून हवेवर सुकवा. डेसिकेटरमध्ये सिलिका जेल नको, खायचं मीठ आणि साखर दोन्हींचं संपृक्त द्रावण ठेवा, म्हणजे आतली हवा फार कोरडी होत नाही.

प्रतिसाद २:
+१. दोनच का, तर पाण्यात विरघळल्यावर चारपैकी दोन बोरॉनचं बोरिक आम्ल होतं, दोनांचं बोरेट. आम्ल घेतं ते बोरेट. दोन्ही निम्मे-निम्मे असल्यानं द्रावण आपसूकच बफर (पीएच सहज न बदलणारं), पीएच ९.२ च्या जवळ. म्हणून याच पीएचच्या आसपास रंग पालटणारा फिनॉल्फ्थॅलीन इंडिकेटर इथे चालत नाही. बाकी ते ‘१० पाणी’ही कागदावरचंच: स्फटिकात पाणी ८, उरलेल्या दोनांचे हायड्रॉक्सिल होऊन बोरॉनला चिकटलेले असतात.

धागाकर्ता:
आत्ता बाटली उघडून पाहिली. काचेसारखे खडे होते, आता कडा पांढऱ्या पडल्यात, बोटाला पीठ लागतंय. आठवडाभर हे समोर होतं आणि मी ब्युरेट (आम्ल मोजायची नळी) धूत बसलो होतो.